लढाऊ हेलिकॉप्टरांची सज्जता आणि सुट्या भागांचा पुरवठा : एक विवेचन

सारांश

लढाऊ हेलिकॉप्टरांच्या खरेदीची चर्चा प्रामुख्याने संख्या, किंमत आणि शस्त्रास्त्रे यांभोवती फिरते. ताफ्यातील किती यंत्रे प्रत्यक्ष उड्डाणास सिद्ध आहेत, हे मात्र सुट्या भागांच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात सुट्या भागांचे स्वरूप, त्यांच्या झिजेची कारणे, पुरवठ्याचे गणित आणि पुरवठ्यामागील राजकारण यांचे विवेचन केले आहे. त्यासाठी अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इराण आणि भारत यांच्या अनुभवांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : लढाऊ हेलिकॉप्टर, सुटे भाग, सज्जता, पुरवठा साखळी, स्वदेशीकरण

१. प्रस्तावना

राष्ट्राच्या लष्करी सामर्थ्याचा विचार करताना सर्वसाधारणपणे संख्येचा उल्लेख प्रथम होतो. अमुक इतकी विमाने, तमुक इतकी हेलिकॉप्टरे सैन्यदलात दाखल झाली, असे वृत्त आपण वाचतो. त्या यंत्रांपैकी आज सकाळी आदेश आला तर किती यंत्रे आकाशात झेपावू शकतील, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक युद्धाच्या दृष्टीने दुसरी संख्याच खरी असते. पहिली संख्या नोंदवहीतील असते, तर दुसरी रणभूमीवरील.

या दोन संख्यांमधील अंतर अनेक कारणांनी निर्माण होते. वैमानिकांची कमतरता, तंत्रज्ञांचे अपुरे प्रशिक्षण, हवामान ही त्यांपैकी काही कारणे होत. तथापि लढाऊ हेलिकॉप्टरांच्या बाबतीत सर्वांत चिवट कारण सुट्या भागांचा अभाव हे असल्याचे गेल्या चार दशकांतील अनुभवावरून दिसून येते. हा विषय केवळ लष्करी तज्ज्ञांचा नाही. धातुशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवस्थापनशास्त्र, अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध या सर्व विद्याशाखा येथे एकत्र येतात. म्हणूनच त्याचा आंतरविद्याशाखीय दृष्टीने विचार होणे आवश्यक ठरते.

२. लढाऊ हेलिकॉप्टर : विकास व वैशिष्ट्ये

प्रारंभी हेलिकॉप्टरचा उपयोग जखमींची व सामग्रीची ने-आण करण्यासाठी होत असे. व्हिएतनाम युद्धात सैनिक वाहून नेणाऱ्या हेलिकॉप्टरांना संरक्षणाची गरज भासू लागली आणि त्यातून केवळ हल्ल्यासाठी घडवलेल्या हेलिकॉप्टरची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील बेल कंपनीच्या कोब्रा हेलिकॉप्टरच्या प्रारूपाने ७ सप्टेंबर १९६५ रोजी पहिले उड्डाण केले व १९६७ मध्ये ते व्हिएतनाममध्ये दाखल झाले. सोव्हिएत संघाच्या एमआय-२४ या हेलिकॉप्टरने १९६९ मध्ये प्रथम उड्डाण केले. त्याचीच निर्यातीसाठीची रूपे एमआय-२५ व एमआय-३५ या नावांनी ओळखली जातात. अमेरिकेच्या एएच-६४ अपाचे हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण ३० सप्टेंबर १९७५ रोजी झाले. दोन इंजिने, नाकाखाली ३० मि.मी. तोफ, सोळापर्यंत हेलफायर क्षेपणास्त्रे वाहून नेण्याची क्षमता आणि रात्री पाहू शकणारी यंत्रणा ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत.

विमानाच्या तुलनेत हेलिकॉप्टरला सुट्या भागांची गरज अधिक का भासते, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. विमानाचा पंख स्थिर असतो. हेलिकॉप्टरचा पंख, म्हणजेच रोटरची पाती, सतत फिरत असतात. अपाचेचा मुख्य रोटर मिनिटाला सुमारे २९० फेरे घेतो. म्हणजे एका तासात सुमारे १७,४०० फेरे होतात. पुढे जाताना प्रत्येक फेऱ्यात पात्यावरील भार एकदा वाढतो व एकदा कमी होतो. हजार तासांच्या उड्डाणात असे सुमारे एक कोटी चौऱ्याहत्तर लाख आघात पाते, त्याची मूठ, तिचे बोल्ट व बेअरिंग यांना सोसावे लागतात. धातूला वारंवार वाकवले की तो अखेर थकतो, हे अभियांत्रिकीचे प्राथमिक तत्त्व येथे तासागणिक प्रत्ययास येते. त्यात वाळू, समुद्रावरील खारी हवा, अतिउंचीवरील थंडी आणि तोफेच्या माऱ्याचे हादरे यांची भर पडते.

३. सुट्या भागांचे वर्गीकरण

सुट्या भागांची ढोबळमानाने तीन गटांत विभागणी करता येईल.

पहिला गट उपभोग्य भागांचा. गाळणी, सील, रबरी नळ्या, रिव्हेट, नट यांसारखे भाग एकदा काढले की ते टाकून देऊन नवे बसवले जातात. किमतीने हे भाग लहान असले तरी त्यांच्यावाचून यंत्र अडून राहते.

दुसरा गट दुरुस्तीयोग्य भागांचा. इंजिन, गिअरबॉक्स, दृष्टियंत्रणा, संगणक हे भाग बिघडले की हेलिकॉप्टरवरून उतरवले जातात, कार्यशाळेत वा मूळ कारखान्यात पाठवले जातात आणि दुरुस्त होऊन पुन्हा भांडारात येतात. या काळात हेलिकॉप्टर उभे राहू नये म्हणून तोच दुसरा भाग भांडारात तयार असावा लागतो.

तिसरा गट आयुर्मर्यादित भागांचा. या भागांना ठरावीक उड्डाणतासांचे आयुष्य नेमून दिलेले असते. ते तास पूर्ण झाले की भाग डोळ्यांना कितीही धड दिसत असला तरी तो उतरवावाच लागतो. रोटरच्या मुठीतील अनेक भाग या गटात मोडतात.

प्रत्येक महत्त्वाच्या भागासोबत त्याचा इतिहास सांगणारी कागदपत्रे असतात. तो कोठे तयार झाला, किती तास वापरला गेला, कोणी दुरुस्त केला, याची नोंद त्यांत असते. कागदपत्रे हरवलेला भाग चांगल्या स्थितीत असला तरी तो हेलिकॉप्टरवर बसवता येत नाही. त्यामुळे बाजारातून मिळेल तो भाग आणून काम भागवणे येथे शक्य नसते. एस.टी. आगारातील बस वाटेत बंद पडली तर प्रवासी दुसऱ्या गाडीत बसू शकतात. आकाशातील वैमानिकाला ती सोय नसते.

४. एका नटाची कथा

लहान भागाचे महत्त्व स्पष्ट करणारे उदाहरण अपाचेच्याच इतिहासात आढळते. अपाचेची पाती रोटरच्या केंद्राशी पोलादाच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याने जोडलेली असतात. हे जुडगे पात्याला वाकण्याची मुभा देते आणि त्याच वेळी ते बाहेर फेकले जाण्यापासून रोखते. हे जुडगे ज्या मोठ्या बोल्टांनी बसवलेले असते, त्यांना धरून ठेवणारे नट हा येथील विषय होय.

२८ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात गॅल्वेस्टन उपसागरात नॅशनल गार्डचे एक अपाचे हेलिकॉप्टर कोसळले व त्यातील दोघेही मृत्युमुखी पडले. पाते धरून ठेवणारी ही जोडणीच निकामी झाल्याचे तपासात पुढे आले. समुद्रकिनाऱ्यावरील दमट व खाऱ्या हवेत नटाच्या धातूला सूक्ष्म तडे जात असल्याचे निष्पन्न झाले. २०१८ च्या प्रारंभी अमेरिकी लष्कराने कारखान्यातून येणारी नवी अपाचे हेलिकॉप्टरे स्वीकारणे थांबवले. नटाची नव्याने रचना करण्यात आली आणि ऑगस्ट २०१८ अखेर स्वीकृती पुन्हा सुरू झाली.

या घटनेतून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचे आणि त्यातील माणसांचे भवितव्य मुठीत मावणाऱ्या नटावर अवलंबून असू शकते. दुसरी अशी की, दोष सापडल्यानंतर प्रश्न केवळ नव्या यंत्रांपुरता राहत नाही. वापरात असलेल्या सर्व हेलिकॉप्टरांवरील नट तपासावे व बदलावे लागतात. म्हणजे एकाच भागाची मागणी अकस्मात शेकडो पटींनी वाढते. अशा वेळी जो देश तो भाग स्वतः तयार करतो, त्याचा क्रम आधी लागणे स्वाभाविक असते. इतरांना रांगेत उभे राहावे लागते.

५. अपाचे, १९८९ ते १९९१ : सज्जतेचे दोन चेहरे

सुट्या भागांचा प्रश्न संपन्न राष्ट्रालाही कसा भेडसावतो, हे अमेरिकेच्या जनरल अकाउंटिंग ऑफिस या लेखापरीक्षण संस्थेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून दिसून येते. जानेवारी १९८९ ते एप्रिल १९९० या काळात अपाचेच्या तुकड्यांतील पूर्णतः सज्ज हेलिकॉप्टरांचे सरासरी प्रमाण सुमारे ४९ टक्के आढळले. लष्कराचे उद्दिष्ट ७० टक्के होते. याचा अर्थ असा की, जगातील सर्वांत प्रगत मानल्या जाणाऱ्या हेलिकॉप्टरांपैकी निम्मी कोणत्याही दिवशी पूर्ण क्षमतेने लढण्यास असमर्थ होती. मुख्य रोटरची पाती, तोफ आणि लक्ष्य शोधणारी यंत्रणा यांसारखे भाग अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होत होते. त्यांची दुरुस्ती करणारे मनुष्यबळही तुकड्यांकडे पुरेसे नव्हते.

त्यानंतर वर्षभरातच आखाती युद्ध सुरू झाले. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे अपाचे हेलिकॉप्टरांच्या तुकडीने इराकची दोन रडार ठाणी उद्ध्वस्त केली आणि हवाई हल्ल्याला वाट मोकळी करून दिली. या युद्धात अपाचेच्या सज्जतेचे प्रमाण उद्दिष्टाहून अधिक राहिले. यंत्र तेच होते, मग फरक कशामुळे पडला? त्याच संस्थेच्या १९९२ मधील अहवालातून याचे उत्तर मिळते. युद्धासाठी सुट्या भागांचा मोठा साठा आखातात पाठवण्यात आला होता, उत्पादक कंपन्यांचे तंत्रज्ञ तुकड्यांसोबत होते आणि उड्डाणाचे तास तुलनेने मर्यादित राहिले होते. भागांच्या विश्वासार्हतेचे मूळ प्रश्न मात्र कायम होते.

म्हणजेच आखाती युद्धातील यश यंत्राच्या गुणवत्तेइतकेच पुरवठ्याचे होते. असा असाधारण पुरवठा काही महिने चालवता येतो, वर्षानुवर्षे नाही. ज्या राष्ट्राकडे अन्य तुकड्यांतून भाग ओढून आणण्याइतका मोठा ताफा नाही, त्याला तर तो काही महिनेही चालवता येणार नाही. या उदाहरणाचे भारतासारख्या देशाच्या दृष्टीने महत्त्व येथेच आहे.

६. पुरवठ्याचे गणित

सुट्या भागांचा प्रश्न किती नाजूक आहे, हे साध्या गणिताने समजून घेता येईल. एखाद्या हेलिकॉप्टरच्या उड्डाणासाठी पन्नास महत्त्वाचे भाग आवश्यक आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक भाग उपलब्ध असण्याची शक्यता ९९ टक्के आहे, असे मानू. प्रत्येक भागाचा स्वतंत्र विचार केल्यास ही स्थिती समाधानकारक वाटते. परंतु पन्नासही भाग एकाच वेळी उपलब्ध असण्याची शक्यता केवळ ६०.५ टक्के येते. असे भाग शंभर असतील तर ती ३७ टक्क्यांच्याही खाली जाते. एकूण सज्जता ही सर्व भागांच्या उपलब्धतेचा गुणाकार असल्यामुळे एकेका भागातील नगण्य उणीव अखेरीस मोठी होते.

दुसरे उदाहरण दुरुस्तीच्या कालावधीचे घेऊ. बावीस हेलिकॉप्टरांचा काल्पनिक ताफा आहे. प्रत्येक हेलिकॉप्टर महिन्याला वीस तास उडते. म्हणजे ताफ्याचे एकूण ४४० तास होतात. एखादा गिअरबॉक्स सरासरी २२० तासांनी उतरवावा लागत असेल, तर दरमहा दोन गिअरबॉक्स दुरुस्तीस जातील. परदेशी कारखान्यात जाऊन परत येण्यास बारा महिने लागत असतील, तर कोणत्याही वेळी सरासरी चोवीस गिअरबॉक्स मार्गात वा दुरुस्तीत असतील, म्हणजे ताफ्यातील हेलिकॉप्टरांपेक्षाही अधिक! हाच कालावधी तीन महिन्यांवर आणला, तर ही संख्या सहावर येते. म्हणजे दुरुस्तीचा कालावधी कमी करणे हे नवे भाग विकत घेण्याइतकेच, किंबहुना अधिक, परिणामकारक ठरते. येथे सहा हे केवळ सरासरीचे मान आहे. प्रत्यक्ष मागणी सरासरीच्या वर-खाली होत राहते. म्हणून साठा सरासरीपेक्षा जास्त ठेवावा लागतो.

या विचाराला शास्त्रीय बैठक देण्याचे कार्य अमेरिकेतील रँड संस्थेत झाले. क्रेग शेरब्रुक यांनी १९६८ मध्ये मांडलेले मेट्रिक हे प्रतिमान दुरुस्तीयोग्य भागांचा साठा मुख्य भांडार व तळांवरील भांडारे यांत कसा वाटावा, याचे उत्तर देते. संख्याशास्त्र व व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांना हे प्रतिमान वर्गात शिकवण्याजोगे आहे.

साठा अपुरा असला की तंत्रज्ञांपुढे एकच मार्ग उरतो. तो म्हणजे उभ्या असलेल्या एका हेलिकॉप्टरचा भाग काढून दुसऱ्यावर बसवणे. तात्पुरता उपाय म्हणून तो उपयोगी पडतो. परंतु त्यामुळे एकच भाग दोनदा उतरवावा व दोनदा बसवावा लागतो, श्रम दुप्पट होतात, हाताळणीत भाग खराब होण्याची शक्यता वाढते आणि ज्या यंत्राचे भाग काढले ते हळूहळू सांगाडा बनत जाते. नोंदवहीत मात्र ते हेलिकॉप्टर कायम राहते.

७. ऑस्ट्रेलियाचा अनुभव

पुरवठा साखळी दूरच्या खंडात असली की काय घडते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाने खरेदी केलेल्या टायगर हेलिकॉप्टरांच्या रूपाने पाहावयास मिळते. या युरोपीय बनावटीच्या बावीस हेलिकॉप्टरांचा करार २००१ मध्ये झाला. त्यांची अंतिम सज्जता एप्रिल २०१६ मध्ये, नियोजित वेळेपेक्षा सुमारे सात वर्षे उशिरा, जाहीर झाली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१६ मधील अहवालानुसार २०१५ मध्ये कोणत्याही दिवशी सरासरी केवळ ३.२ टायगर हेलिकॉप्टरे उड्डाणयोग्य होती. उद्दिष्ट बाराचे होते. सुट्या भागांच्या पुरवठा साखळीतील अडचणी व देखभालीचा वाढता खर्च यांची नोंद या अहवालाने घेतली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने टायगरच्या जागी अपाचेची निवड केली.

येथे कोणताही शत्रू नव्हता, निर्बंध नव्हते आणि निधीचाही मोठा अभाव नव्हता. तरीही बावीस विकत घेतलेल्या हेलिकॉप्टरांपैकी तीनच रोज उडू शकत होती. मित्रराष्ट्राकडून घेतलेल्या यंत्राचीही अशी स्थिती होऊ शकते, हे या उदाहरणाचे वेगळेपण होय.

८. सुटे भाग आणि आंतरराष्ट्रीय राजकारण

हेलिकॉप्टर विकणारा देश केवळ यंत्र विकत नाही. पुढील तीस-चाळीस वर्षे भाग देण्याचा अथवा नाकारण्याचा अधिकारही तो आपल्याकडे राखून ठेवतो. इराणचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. शहांच्या राजवटीत इराणने अमेरिकेकडून २०२ कोब्रा हेलिकॉप्टरांची मागणी नोंदवली होती. १९७९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेशी संबंध तुटले आणि भागांचा पुरवठा थांबला. सप्टेंबर १९८० मध्ये इराकशी युद्ध सुरू झाले, तेव्हा इराणपुढे मोठा ताफा असूनही तो चालता ठेवण्याचा प्रश्न उभा राहिला. काही हेलिकॉप्टरांचे भाग काढून इतर चालवण्यात आली. पुढे इराणने अनेक भाग देशातच तयार केले आणि जुन्या कोब्रा यंत्रांची पुनर्बांधणी केली.

सोव्हिएत संघाच्या विघटनाने वेगळ्याच स्वरूपाचा पेच निर्माण केला. एमआय-२४ व त्याच्या निर्यात रूपांचे टीव्ही-३-११७ हे इंजिन लेनिनग्राडमध्ये विकसित झाले. परंतु त्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन युक्रेनमधील झापोरिझ्झिया येथील मोटर सिच कारखान्यात होत असे. हेलिकॉप्टरचा सांगाडा रशियात बनत असे. १९९१ पर्यंत ही एकाच देशाची अंतर्गत व्यवस्था होती. त्यानंतर एकाच हेलिकॉप्टरचे सांगाडा व इंजिन दोन देशांत विभागले गेले. २०१४ मध्ये युक्रेनने रशियाशी लष्करी सहकार्य थांबवले आणि रशियाला इंजिनाचे उत्पादन स्वतःकडे उभारावे लागले. ज्या तिसऱ्या देशांनी ही हेलिकॉप्टरे घेतली होती, त्यांना या कलहात कोणताही आवाज नव्हता. त्याचे परिणाम मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले.

एकच भाग संपूर्ण व्यवहार रोखू शकतो, हे पाकिस्तानच्या उदाहरणावरून दिसते. पाकिस्तानने २०१८ मध्ये तुर्कस्तानकडून तीस टी-१२९ हेलिकॉप्टरे घेण्याचा करार केला. त्यातील इंजिनाच्या निर्यातीसाठी अमेरिकेची परवानगी आवश्यक होती. ती मिळाली नाही आणि व्यवहार पूर्णत्वास गेला नाही. हेलिकॉप्टर तुर्कस्तानचे असले तरी निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला.

९. भारताचा अनुभव

भारतीय वायुसेनेत एमआय-२५ हेलिकॉप्टरे १९८४ मध्ये आणि एमआय-३५ हेलिकॉप्टरे १९९० मध्ये दाखल झाली. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या मोहिमेत १९८७ मध्ये एमआय-२५ चा उपयोग करण्यात आला. पुढच्याच काही वर्षांत मूळ पुरवठादार देशाचे विघटन झाल्याने या ताफ्याची देखभाल हे स्वतंत्र आव्हान ठरले. भारताने २०१५-१६ मध्ये अफगाणिस्तानला चार एमआय-२५ हेलिकॉप्टरे दिली. २०१९ मध्ये बेलारूसमध्ये दुरुस्त करून घेतलेली आणखी चार एमआय-२४ हेलिकॉप्टरे त्याच देशाला देण्यात आली. मित्रराष्ट्राला हेलिकॉप्टर द्यावयाचे तरी तिसऱ्या देशातील कार्यशाळेची मदत घ्यावी लागते, ही बाब परावलंबनाचे स्वरूप स्पष्ट करते.

सप्टेंबर २०१५ मध्ये भारताने वायुसेनेसाठी बावीस अपाचे हेलिकॉप्टरांचा करार केला. त्यांपैकी पहिली आठ ३ सप्टेंबर २०१९ रोजी पठाणकोट येथे समारंभपूर्वक दाखल झाली. २०२० मध्ये भूसेनेसाठी आणखी सहा अपाचेचा करार झाला. त्यातील पहिली तीन जुलै २०२५ मध्ये, ठरलेल्या वेळेपेक्षा वर्षाहून अधिक विलंबाने, भारतात पोहोचली. त्यांच्यासाठी जोधपूर येथील पथक मार्च २०२४ मध्येच उभारण्यात आले होते. येथे विशेष नमूद करण्याजोगी बाब अशी की, अपाचेचे सांगाडे हैदराबाद येथील टाटा व बोइंग यांच्या संयुक्त कारखान्यात तयार होतात व तेथून अमेरिकेत जातात. पहिला सांगाडा जून २०१८ मध्ये पाठवण्यात आला. म्हणजे भारत या हेलिकॉप्टरचा ग्राहक आहे तसाच त्याच्या एका मोठ्या भागाचा पुरवठादारही आहे. तथापि सांगाडा क्वचितच बदलावा लागतो. वारंवार लागणारे भाग म्हणजे रोटरची मूठ, गिअरबॉक्स, इंजिनाचे घटक आणि दृष्टियंत्रणा. त्यांच्या बाबतीत परावलंबन कायम आहे.

१९९९ च्या कारगिल युद्धात हिमालयाच्या उंचीवर लढू शकणाऱ्या हेलिकॉप्टरची उणीव तीव्रतेने जाणवली. त्यातून हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या हलक्या लढाऊ हेलिकॉप्टरचा विकास झाला. त्याचे पहिले उड्डाण २९ मार्च २०१० रोजी झाले आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी जोधपूर येथे ते ‘प्रचंड’ या नावाने वायुसेनेत दाखल झाले. मार्च २०२२ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या पंधरा हेलिकॉप्टरांत मूल्याच्या दृष्टीने सुमारे ४५ टक्के भाग स्वदेशी होता. २८ मार्च २०२५ रोजी ६२,७०० कोटी रुपयांचा, १५६ हेलिकॉप्टरांचा करार झाला. त्यांपैकी ९० भूसेनेसाठी व ६६ वायुसेनेसाठी आहेत. या करारात स्वदेशी भागाचे प्रमाण ६५ टक्क्यांहून अधिक नेण्याचे उद्दिष्ट असून अडीचशेहून अधिक देशी कंपन्या, बहुतांशी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग, त्यात सहभागी होणे अपेक्षित आहे.

स्वदेशी यंत्र म्हणजे सुट्या भागांच्या प्रश्नातून सुटका, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. ‘प्रचंड’ ज्या ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरच्या पायावर उभे आहे, त्या ‘ध्रुव’चा अलीकडील इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर मुंबईनजीक समुद्रात उतरवावे लागले. त्यातील तिघांनाही वाचवण्यात यश आले. त्यानंतर नियंत्रण दांड्यांची तपासणी झाली आणि त्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूऐवजी पोलादाच्या बसवण्यात आल्या. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा मृत्यू झाला. वैमानिकाच्या हाताची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या स्वॉशप्लेट या भागाला तडा गेल्याचे प्राथमिक तपासात आढळले. सर्व दलांतील मिळून सुमारे ३३० हेलिकॉप्टरांचे उड्डाण थांबले. भूसेना व वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांना सुमारे चार महिन्यांनी टप्प्याटप्प्याने परवानगी मिळाली.

एकाच जातीची यंत्रे सर्वत्र वापरल्याने भागांचा साठा सुलभ होतो, प्रशिक्षण सोपे होते व खर्च कमी होतो. परंतु त्याच न्यायाने एका भागातील दोष संपूर्ण ताफा जमिनीवर आणतो. स्वदेशी असण्याचा लाभ असा की, दोषाचे विश्लेषण व भागाची पुनर्रचना आपल्या हाती राहते. त्याचबरोबर त्याची जबाबदारीही आपलीच असते. ती अन्य देशावर ढकलता येत नाही.

शासनाच्या धोरणात या प्रश्नाची दखल घेतली गेल्याचे दिसते. आयात होणाऱ्या वस्तूंची माहिती देशी उद्योगांना देणारे सृजन हे संकेतस्थळ ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाले. डिसेंबर २०२१ मध्ये सार्वजनिक संरक्षण उद्योगांसाठी २,८५१ उपप्रणाली व सुट्या भागांची यादी जाहीर झाली. संरक्षण खरेदीच्या २०२० च्या कार्यपद्धतीत कामगिरीवर आधारित देखभाल करारांचा समावेश आहे. अशा करारात पुरवठादाराला किती भाग दिले यावर नव्हे, तर किती यंत्रे उड्डाणयोग्य राहिली यावर मोबदला मिळतो. पूर्वी भाग जितके लवकर खराब होतील तितका पुरवठादाराचा लाभ होत असे. या पद्धतीत भाग अधिक टिकावा यात त्याचाही लाभ असतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लढाऊ हेलिकॉप्टरांचे सामर्थ्य विकत घेतलेल्या संख्येवरून नव्हे, तर उड्डाणयोग्य संख्येवरून मोजले पाहिजे. अपाचे व टायगर यांच्या अनुभवांत या दोन संख्यांमधील अंतर निम्म्याहून अधिकही असल्याचे दिसले.

२) सुट्या भागांचा साठा, दुरुस्तीचा कालावधी आणि दुरुस्तीचे ठिकाण यांचा निर्णय यंत्राच्या निवडीबरोबरच व्हावयास हवा. करारावर स्वाक्षरी झाल्यानंतर खरेदीदाराची सौदाशक्ती घटते.

३) स्वदेशीकरणाचे यश केवळ मूल्याच्या टक्केवारीवरून ठरवणे अपुरे आहे. वारंवार बदलावे लागणारे व यंत्र अडवून धरणारे भाग देशात तयार होतात की नाही, हा खरा निकष होय. सांगाडा देशात व नट परदेशात, अशी स्थिती असेल तर टक्केवारी मोठी दिसूनही हेलिकॉप्टर उभेच राहील.

४) भाग देशी असो वा विदेशी, त्याच्या गुणवत्तेची तपासणी, दोषाची प्रांजळ नोंद व वेळेवर बदल यांना पर्याय नाही. गॅल्वेस्टन व पोरबंदर येथील दुर्घटनांतून हेच दिसते.

या प्रश्नात उच्च शिक्षणसंस्थांनाही वाटा उचलता येण्याजोगा आहे. धातूचा थकवा, क्षरण, साठ्याचे गणित, विश्वासार्हतेचे संख्याशास्त्र हे विषय महाविद्यालयांत शिकवले जातात. परंतु ते बहुधा पाठ्यपुस्तकातील उदाहरणांपुरते मर्यादित राहतात. नाशिकरोड येथे भूसेनेच्या वैमानिकांना प्रशिक्षण देणारी संस्था आहे. पुणे-नाशिक पट्ट्यात सुटे भाग घडवणाऱ्या असंख्य लहान-मोठ्या कार्यशाळा आहेत. या कार्यशाळा व महाविद्यालयांतील धातुशास्त्राच्या आणि संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळा यांचा संबंध जुळल्यास विद्यार्थ्यांना खऱ्या समस्या मिळतील आणि उद्योगांना चाचणीचे साहाय्य मिळेल.

हेलिकॉप्टरात बसणारा वैमानिक डोक्यावरच्या रोटरमधील प्रत्येक नट स्वतः तपासू शकत नाही. तो नट कोणीतरी नीट घडवला आहे, कोणीतरी वेळेवर बदलला आहे आणि कोणीतरी त्याची खरी नोंद केली आहे, या विश्वासावर तो उड्डाण करतो. सुट्या भागांच्या पुरवठ्याचा सारा विचार अखेरीस हा विश्वास सार्थ ठरवण्यासाठीच करावयाचा आहे.